गिरिजाची पहिली हंटर ट्रायल

गिरिजा गेली हे कळल्यावर ज्याने त्याने मला एकच विचारलं, "घोड्यावरून पडली का?" नाही, ती घोड्यावरून पडली नाही. हे मी प्रत्येकाला ठासून सांगितलं, अजूनही सांगतो. पावसाळा सरता सरता आमच्या गावात, वळसंगात, घरोघरी डेंग्यू होता. तिलाही ताप आला, उतरला, आता बरी झाली असं आम्ही धरून चाललो आणि मग बघता बघता... त्या सकाळी मी सोलापुरातल्या हॉस्पिटलमधून अंघोळीपुरता तिथल्याच माझ्या घरी आलो होतो. अण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, फोन आला. "ये," एवढंच ते म्हणाले. मला कळून चुकलं होतं. तरीही निघताना मी तिच्यासाठी डब्यात मऊ भात भरून घेतला.

गिरिजा माझी धाकटी बहीण. चाळिशीला आलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, जनावरांची डॉक्टर. आसपासच्या गावांतून मोटारसायकलवर हिंडायची. कुणाची म्हैस अडली, कुणाची गाय फुगली की हिला हाक. घोडेस्वारी ती कॉलेजात असताना शिकली होती, पण नोकरी लागल्यावर ते सुटलं. पुन्हा ते तिच्या आयुष्यात आलं एका वरातीच्या घोडीमुळे. शहरात लग्नांना घोडी पुरवणारे एक म्हातारे चाचा होते. त्यांच्या घोडीचा पाय सळईने फाटला होता. गिरिजाने रोज जाऊन मलमपट्टी केली, पाय बरा केला, पण तोवर चाचांनाच धंदा झेपेनासा झाला होता. "बेटी, अब तुमीच ले जाव इसकू," म्हणून त्यांनी दोर तिच्या हातात दिला. घोडीचं नाव शबनम. पांढरीशुभ्र, डोळ्यांनी शांत. टेम्पोतून ती वळसंगात उतरली तेव्हा अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही वरातीची घोडी हाय. हिला नाचता येतं, पळता न्हाय."

ते खोटं नव्हतं. रस्त्याने एखादा ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून गेला की शबनम असेल तिथे थांबायची आणि पुढचे पाय उचलून ठेक्यात नाचायला लागायची. पाठीवर बसलेली गिरिजा हसून हसून बेजार व्हायची. अशा घोडीवर बसून ती एक दिवस मला म्हणाली की थंडीत पुण्याकडच्या एका क्लबात हंटर ट्रायल आहे आणि मी नाव दिलंय. नावात शिकार असली तरी शिकार नसते, हे तिनेच मला समजावलं. मोकळ्या रानातून घोडा एका लयीत पळवायचा आणि वाटेत ओंडके, चर, कुंपणं, पाणी, जे येईल ते ओलांडत शेवट गाठायचा. मी तिला वयाची आठवण करून दिली, हातपाय मोडतील म्हणालो. ती घोडीची मान थोपटत राहिली. मग म्हणाली, "दादा, मी जन्मभर आजारी जनावरं बघितली. एकदा एका धडधाकट जनावरावर बसून रान ओलांडायचंय."

ज्वारीसाठी मोकळं ठेवलेलं आमचं रान तिने तयारीला घेतलं. बाभळीचे ओंडके आडवे टाकले, तुराट्यांच्या पेंढ्या बांधून कुंपण उभं केलं, एक चर खणला. वाट कडुनिंबापासून निघायची आणि वळणं घेत बांधापलीकडच्या ओढ्याला जायची. पाऊस उघडला की ती आधी ती सगळी वाट पायी चालायची, घोडी पाय कुठे उचलेल आणि कुठे टेकेल ते बघत, आणि मगच खोगीर चढवायची. पहिल्यांदा ओंडक्यावर शबनम ऐन वेळी थांबली आणि गिरिजा तिच्या डोक्यावरून पलीकडे गेली. अण्णा बांधावर उभे होते. ते तसेच घरात निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर आमचा म्हातारा ओंडक्याच्या पलीकडे उकिडवा बसून दगड वेचत होता. नंतर त्यांनी चरही बघितला. "उथळ हाय," म्हणाले, "घोडीला फसवू नको. खरा चर दिसू दे तिला." आणि स्वतःच टिकाव घेऊन उतरले.

पाणी मात्र शबनमला मान्य नव्हतं. ओढ्याला नडगीएवढंच पाणी, पण ती काठावर चारी पाय रोवून उभी राहायची. गिरिजाने तिला कधी चाबूक दाखवला नाही. ती स्वतः अनवाणी पाण्यात जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "बा अव्वा, बा." ये बाई, ये. आमच्या घरात निम्मं कानडीच. लहानपणी शाळेला जाताना गिरिजा याच ओढ्याला भ्यायची, तेव्हा अण्णा पलीकडे उभे राहून तिला हेच म्हणायचे. सगळा श्रावण त्यात गेला. एका दुपारी मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसलो होतो आणि तिचा फोन आला. ती काही बोलेना. नुसता पाण्याचा आवाज येत होता, खुरांनी उडवलेल्या पाण्याचा... आणि मधूनच तिचं हसू.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं नीट बोलणं झालं तेही याचंच. "शबनमला रोज पाण्यात ने दादा. खाडा पडला तर विसरेल ती." मी म्हणालो, तूच नेशील की आता. "व्हय," म्हणून तिने डोळे मिटले.

माती होऊन आठवडा झाला असेल. भेटायला येणारी माणसं जरा कमी झाली तेव्हा मी घोडी सोडली आणि ओढ्यावर नेली. मला घोड्यातलं काही कळत नाही. शबनम काठावर आली आणि थांबली. मी पाण्यात उतरून दोर ओढला, चुचकारलं, ती हलेना. ते दोन शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हते. तेवढ्यात मागून अण्णा आले. चपला काढल्या, धोतर खोचलं, माझ्या शेजारून पुढे गेले आणि ओढ्याच्या मध्यावर जाऊन घोडीकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ नुसते ओठ हलत होते. मग म्हणाले, "बा अव्वा, बा." शबनमने कान टवकारले. एक पाय पाण्यात टाकला, मग दुसरा, आणि सरळ त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. मुलीला मातीत ठेवतानाही न रडलेला माझा बाप घोडीच्या मानेला कपाळ लावून रडला. मी सैल पडलेला दोर हातात धरून उभा होतो.

स्पर्धा आता होऊन गेली असेल. मी चौकशी केली नाही.

पेरणीची वेळ आली तेव्हा अण्णांनी ओंडके बाजूला केले, तुराट्या चुलीला लावल्या, चर बुजवला, रान नांगरून ज्वारी पेरली. मला ते फार लागलं, पण ओल कुणासाठी थांबत नाही. गेल्या रविवारी वळसंगला गेलो तर ज्वारी गुडघ्याला आली होती. बांधावर चढून बघितलं आणि तिथेच थबकलो. सगळं रान गडद हिरवं होतं, आणि त्यातून एक अरुंद पट्टा कडुनिंबापासून वळणं घेत ओढ्यापर्यंत गेला होता. तिथली ताटं खुजी होती, पिवळसर. पावसाळाभर खुरांनी दाबलेली माती नांगराला पुरती सुटली नव्हती.

अण्णा खाली खुरपत होते. मी काय बघतोय ते त्यांनी ओळखलं.

"तितं रान दबलंय जरा," ते म्हणाले. "पुढल्या सालाला भरून यील."

त्यांनी खुरपं मातीत टोचलं, त्या पट्ट्याकडे बघत राहिले.

"न्हाय आलं तरी चालंल," म्हणाले.