पडद्यावाली गाडी

मूर्तिजापूरच्या मामूंइतका बडबड्या माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि त्या बडबडीला विषय एकच: त्यांची गाडी. मामू माझ्या मालकांचे, म्हणजे नवऱ्याचे. रक्ताचे नव्हेत, ट्रॅक्टर दुरुस्तीचे. गाडी कुण्या राजानं शिकारीसाठी विलायतेत करवून घेतलेली, अशा साऱ्या जगात सातच, असं ते सांगत. कोणी पंक्चर काढायला आला तरी त्याला आधी राजाचा जन्म ऐकावा लागे. चाक हाती मिळेपर्यंत राजा म्हातारा झालेला असे. आत लाल मखमलीच्या गाद्या, त्यातली अर्धी मखमल उंदरांनी नेलेली. रेडिएटर ट्रॅक्टरचा, पट्टा मळणीयंत्राचा, आणि मागच्या बाकाला जाड हिरवा पडदा. "राणीसायब याच्याआडून वाघ मारे," मामू सांगत, "वाघालेही दिसली नाही कधी!" आतून मामी ओरडत, "वाघ मेला, राणी मेली, तुमी भाजी कवा आणता?"

त्या वर्षांत गावोगाव कास्तकार जीव देत होते. माझे मालकही गेले. मग सांत्वनाला मोठी माणसं येऊ लागली. पावसात आमच्या काळ्या मातीत त्यांच्या गाड्या फसत, म्हणून मामू त्यांना आपल्या गाडीतून आणत. मी एक वाक्य घोकून ठेवलं होतं: शेत माझ्या नावावर करून द्या. पण ओसरीवर भासरे बसलेले, म्हणजे मालकांचे मोठे भाऊ. शेत गिळायला तेच टपले होते, आणि भासऱ्यांसमोर आमच्यात बाई तोंड उघडत नाही. पाहुणे माझ्यापाशी पाच मिनिटं बसले आणि गाडीभोवती अर्धा तास फिरले. राजा कोणता, इंजिन केवढं, वाघ किती. मामू सांगत सुटले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: मधे गाडी, बाजूला हसरे पाहुणे, आणि चाकामागे माझा पदर. माझ्या मालकांच्या तेरवीला तो राजाच जेवून गेला, असं मला वाटलं.

पेपर मामूंनीही पाहिला होता. पुढल्या खेपेला एका साहेबांना घेऊन आले, आणि स्वतः उतरून सरळ माझ्या स्वयंपाकघरात.

"बेटी, तू काहून बोलत नाहीस?"

"भासरे आहेत."

मामूंनी ओसरीकडे पाहिलं. मग त्यांनी मला परसदारानं नेऊन गाडीत मागे बसवलं, पडदा ओढला आणि साहेबांना जवळ बोलावलं. "राणी इथूनच बोले, सायब. ऐका."

आत अंधार, उंदरांचा वास. मी वाक्य म्हटलं.

साहेब हसले. "हाही गाडीचा इतिहास का?"

"नाही सायब, हे आजचं हाय. लिहून घ्या."

ओसरीवरून भासरे ओरडले, "कोण बोलून राह्यलं थे?"

मी पुन्हा म्हटलं, जास्त मोठ्यानं.

साहेबांनी लिहून घेतलं आणि पुढे निम्मं शेत माझ्या नावावर झालं, खडकाळ निम्मं. साहेब परत आले नाहीत. मामू गेल्यावर त्यांच्या मुलांनी गाडी भंगारात दिली, तेव्हा मी पडदा मागून आणला. मामी म्हणाल्या, "कायची राणी? तो पडदा मीच शिवला होता, अकोल्याच्या बाजारातलं कापड आणून."

असेल. पडदा माझ्या खिडकीला आहे. फक्त तो वाघ कितव्या गोळीला पडला, तेवढं मामूंना विचारायचं राहून गेलं.