नाखवांनी एकही गोळी चुकवली नाही

हिराजी नाखवा आजाराने गेले नाहीत. गोळ्यांनी गेले.

आज वर्ष झालं. घरच्यांना विचारूनच लिहितेय.

मी वॉर्डमध्ये स्टाफ नर्स आहे. त्यांना डिस्चार्ज मीच दिला होता.

थळचे. स्वतःची होडी. शुगर जुनी, त्यात न्यूमोनिया झाला म्हणून ॲडमिट. घरून आलेली कोलंबी शेजारच्या बेडला वाटायचे. दोनदा ओरडले मी. तिसऱ्यांदा मलाच वाटी पुढे केली.

डिस्चार्जच्या दिवशी खाली कॅज्युअल्टीत दुसरा पेशंट बेडची वाट बघत होता. मी घाईत फाईल दिली, गोळ्या दिल्या.

"एकही चुकवायची नाही हं, नाखवा."

"नाय चुकवत, शिस्टर."

तिसऱ्या दिवशी सकाळी बेशुद्ध अवस्थेत परत आले. शुगर पार खाली गेलेली. ICU मध्ये चार दिवस काढले. मग गेले.

त्यांच्या बायकोने, राधाबाईंनी, माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. त्यात आमच्या गोळ्या होत्या. आणि गावातल्या डॉक्टरांच्या शुगरच्या जुन्या गोळ्याही.

नावं वेगळी. औषध एकच.

"दोन्ही घेतल्या त्यांनी. येक पन गोली चुकवली नाय. तुमीच सांगलेलं."

आवाजात राग नव्हता. त्या फक्त माहिती देत होत्या.

आमच्या डिस्चार्ज कार्डवर सगळं बरोबर होतं. इंग्रजीत. घरच्या जुन्या गोळ्या बंद करा, एवढंच नव्हतं. कारण घरी काय आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मीही नाही.

मेट्रनना म्हटलं, डिस्चार्जआधी प्रत्येकाच्या घरच्या औषधांची पिशवी मागवू या.

"वेळ कुठून आणणार?"

"नाखवांना परत ॲडमिट करायला मिळालाच ना वेळ, मॅडम."

त्यांनी डिस्चार्जचं रजिस्टर पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "कर सुरू."

आता पिशवी बेडवर ओतली जाते. बंद झालेल्या गोळ्या बाजूला काढतो. उरलेल्या कधी घ्यायच्या ते मराठीत लिहून देतो, आणि मग पेशंटने ते आम्हाला परत सांगायचं. घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी फोन.

गेल्या महिन्यात चौलच्या एका आजींच्या पिशवीत असाच जोड सापडला. आजी चिडल्या, "चांगल्या गोळ्या फुकट घालवतेस!" नंतर फोनवरही झापलं, सारखी काय विचारतेस म्हणून. ठणठणीत आहेत.

आज थळला वर्षश्राद्धाला गेले होते. वर्षभर जे बोलले नव्हते ते राधाबाईंना बोलले. "घरी कुठल्या गोळ्या आहेत, हे मी विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

त्या पदराशी चाळा करत राहिल्या.

"मीनी पन नाय सांगलं तुला. घरान गोल्या होत्या, मना म्हाईत होतं."

म्हणजे वर्षभर त्याही हेच घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, सांगणं तुमचं काम नव्हतं. विचारणं माझं होतं."

त्या रडल्या. मी शेजारी बसून राहिले.

नाखवा, तुम्हाला नमस्कार.