चेरीची साल

रियाधला आमच्या कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाच्या, बंगल्यात एसी दुरुस्त करायला गेलो की बागेतला माळी भेटायचा. रत्नागिरीकडचा. आधी फाटकाकडे बघायचा, मग कुजबुजायचा आणि शेवटी म्हणायचा, "मी काय बोललो नाय हां."

तेलाचा पैसा नवा होता. कफीलने हौसेने लेबनॉनहून चेरीची दोन झाडं आणली. माळ्याला ठाऊक हापूसची कलमं. तरी त्याने झाडांवर खजुरीच्या झापांची सावली केली, बुंध्याशी बर्फ रचला. रोज नखाने साल किंचित खरवडायचा. खाली हिरवं, जिवंत दिसलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

"पासपोर्ट त्याच्याकडे आहे भाऊ. झाडं मेली तर काय सांगू? मी काय बोललो नाय हां."

जूनमध्ये त्याने माझ्यासमोर साल खरवडली. खाली तपकिरी. दुसऱ्या झाडाचंही तेच. तेवढ्यात कफीलची गाडी आत आली. माळ्याने घाईघाईने दोन्ही ओरखड्यांवर चिखल थापला.

"झाडं बरी आहेत?" कफीलने विचारलं.

"तय्यब," माळी म्हणाला. म्हणजे छान.

कफीलने माझ्याकडे पाहिलं. माझाही पासपोर्ट त्याच्याच तिजोरीत होता.

"तय्यब," मी म्हणालो.

कफील आत गेला. मी फाटकाकडे बघितलं आणि माळ्याच्या कानाशी कुजबुजलो, "मी काय बोललो नाय हां."