ज्योतीची साखर आणि सीताबाई

साखर सांडली की मुंग्यांना आमंत्रण द्यावं लागत नाही. आमच्या गरोदर बायकांच्या शुगर ओपीडीत किश्श्यांचं तसंच आहे. मी इथे सुरतेत आहार सांगणारी बेन. रोज संध्याकाळी मी घरी इतकं काही सांगत बसते, की नवरा म्हणतो, "जेवताना तरी दवाखाना नको." पण ज्योती आणि तिची सासू सीताबाई, या दोघींनीच माझी अर्धी पोतडी भरली आहे.

ज्योती मूळची धुळ्याकडची. नवरा कैलास सुरतेजवळ कडोदऱ्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. पहिल्या खेपेला तिची शुगर वाढली होती, ती कुणाच्या लक्षात आली नाही. मुलगी झाली सव्वाचार किलोची. गल्लीभर कौतुक झालं, पण तासाभरातच बाळाची साखर उतरली आणि चार दिवस ते काचेच्या पेटीत होतं. आता दुसरी खेप, पाचवा महिना. ज्योतीचं एकच मागणं होतं, "बेन, या वेळी बाळ काचेत नको."

*

तपासणीसाठी तिला ग्लुकोजचं पाणी दिलं. दोन तासांनी रक्त घेतलं. रिपोर्ट एकदम छान! मी अभिनंदन करायला गेले, तर सीताबाई म्हणाल्या, "मनं रक्त कधी घेतस?"

"तुमचं कशाला?"

"अर्धं तं मी पिधं ना."

ज्योतीने मान खाली घातली. "आत्याबाई समोर बसल्या होत्या. त्यांना न विचारता कसं प्यायचं?"

दोन दिवसांनी पुन्हा तपासणी झाली. या वेळी सीताबाईंना मी बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. शुगर वाढलेली निघाली. ज्योती पोटावर हात ठेवून बसली.

*

मी सांगितलं, प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायचं. आता गल्लीत पोटुशी बाई बिनकामाची फिरली की चार जणी विचारणार. म्हणून ज्योतीने युक्ती केली, हातात रिकामी पिशवी घ्यायची. झालं! "जातेच आहेस तर कोथिंबीर आण." "माझे अर्धा किलो कांदे." पंधरा मिनिटांचा फेरा पाऊण तासावर गेला. शेवटी पिशवी सीताबाईंनी घेतली आणि त्याही सुनेमागे चालू लागल्या. पुढच्या तपासणीला ज्योतीची शुगर उतरली होती, आणि सीताबाईंची गुडघेदुखीही.

*

एकदा डॉक्टरबेननी सगळ्यांना बसवून समजावलं. बाळाला जीन्स आईबापाकडून मिळतात. ती तीच राहतात, पण त्यातलं कुठलं किती चालू आणि किती बंद, यावर आईच्या रक्तातल्या साखरेचा, खाण्याचा, चालण्याचा परिणाम होऊ शकतो. जीन्सवर बारीक खुणा बसतात. त्याला एपिजेनेटिक्स म्हणतात.

मागून कैलास म्हणाला, "म्हंजे आमच्या लूमवरलं जेकार्ड. धागा तोच शे, भोकांचं कार्ड बदललं का डिझाइन बदलस."

डॉक्टरबेन त्याच्याकडे बघतच राहिल्या. आता त्यांच्या भाषणात जेकार्डचा फोटो असतो.

पण ज्योतीचे डोळे भरले होते. "मग मोठीचं कार्ड मी बिघडवलं का?"

"नाही गं," डॉक्टरबेन म्हणाल्या. "मोठी धडधाकट आहे, खेळते आहे. आणि या खुणा म्हणजे दगडावरची रेघ नाही, पुढेही बदलू शकतात. आम्हालाही यातलं सगळं अजून कळलेलं नाही. हे मी दोष द्यायला सांगत नाही."

सीताबाई उठल्या. "अन् चुलीपाशी तं मी राहस. दोष द्यायचा तं माले द्या." मला त्या बाईचा फार आधार वाटला.

*

चंदनी पडव्याला, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, कैलासच्या मालकाने घारीचा, खव्या-तुपाच्या सुरती मिठाईचा, डबा दिला. सुरतेत त्या दिवशी घारी न खाणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. सीताबाईंनी डबा घरात ठेवलाच नाही, थेट माझ्या टेबलावर आणला. "घरात मोह नको. तुम्हीच सांभाळा."

दुपारी ज्योती वजन करायला आली, तेव्हा मी डबा सांभाळत होते. तिसरी घारी माझ्या तोंडात होती. ज्योती शांतपणे म्हणाली, "बेन, आता पंधरा मिनिटं चाला."

*

बाळ झालं. मुलगा, दोन किलो नऊशे. शेजारीण दवाखान्यात बघायला आली आणि म्हणाली, "बारीकच शे." सीताबाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं.

बाळाच्या टाचेतून थेंब थेंब रक्त घेऊन साखर बघत होते. ज्योतीचं तोंड भिंतीकडे. पहिला आकडा चांगला आला, दुसरा चांगला आला. तिसऱ्यानंतर सिस्टर म्हणाल्या, "बाळ आईजवळच राहील." ज्योती रडायला लागली, मलाही आवरेना.

सीताबाईंनी कमरेच्या पिशवीतून मधाची बाटली काढली, बोट बुडवलं आणि बाळाकडे वळल्या. मी हात धरला. "वर्षभर मध नाही. आईचं दूध फक्त."

सीताबाईंनी हात मागे घेतला. मग ते बोट त्यांनी स्वतःच्या तोंडात घातलं आणि डोळे मिटून घेतले. ते उघडेनातच.

"आत्याबाई, काय झालं?" ज्योतीने घाबरून विचारलं.

"काही नही. चार महिन्यांनी गोड लागनं."

"म्हणजे तुम्ही पण गोड सोडलं होतं? मला सांगितलं का नाही?"

सीताबाई पदराला बोट पुसत म्हणाल्या, "तुले सांगितलं असतं, तं तू माले खाऊ घातलं असतं."