आमच्या घरात आजारी कोण

बेळगाव स्टँडवर पुण्याची बस लागली तेव्हा आप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझी बॅग स्वतः वर ठेवली. उभ्या आयुष्यात त्यांनी माझं ओझं उचललं ते तेवढंच. उतरताना म्हणाले, "कुणी इचारलं तर नोकरीला चाललोय म्हणायचं. दवाखान्याचं कुठं काढायचं न्हाय. आक्काचं ठरायचं हाय." मी मान डोलावली. सहा वर्षं झाली त्याला.

वडगावातल्या गल्लीतल्यांनो, तुम्हाला वाटलं पोरगं कमवायला गेलं. मला घालवून दिलं होतं. त्याआधी वर्षभर माझी छाती अचानक धडधडायची, हातपाय गार पडायचे, आता मेलोच असं वाटायचं. ईसीजी काढला, तो स्वच्छ आला. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी दिली. आप्पांनी ती चार घड्या करून खिशात घातली आणि मला अंगारा आणला. थोरल्या बहिणीला, आक्काला, निपाणीचं स्थळ आलं होतं. असा भाऊ घरात दिसला तर पाव्हणे परत जातील, म्हणून मी पुण्याला.

पुण्यात ऑनलाइन साड्या विकणाऱ्या कंपनीत लागलो. धडधड बरोबर आलीच होती. ऑफिसातल्या मैत्रिणीने एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावला आहात का?" मी ओरडून बोलत होतो. वडगावात आमच्या घराच्या मागच्या अंगाला चार पॉवरलूम. त्यांच्या खडखडाटात वाढलेला माणूस एक तर ओरडतो, नाही तर हाताने खुणा करतो. धागा तुटला, कांडीवरचं सूत संपलं, चहा झाला, सगळ्याला आमच्याकडे खूण आहे. जीव घाबरतोय याला नाही.

मला वाटलं होतं, बाई उपाय सांगतील आणि दोन भेटींत मी मोकळा. त्यांनी वही लिहायला लावली. धडधड कधी आली, त्याआधी काय चाललं होतं, मनात काय आलं. महिनाभराने दिसलं, की ती रविवारी दुपारी येते, खोलीवर सगळं शांत असताना. आमच्या गल्लीत वीज असूनही सगळे माग एकदम थांबतात ते कुणी गेलं तरच. सातवीत असताना मी शाळेतून आलो तेव्हा गल्ली अशीच गप्प होती. आई गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजच पडली नाही. तेराव्यानंतर आप्पांनी मागाची मोटर चालू केली, विषय संपला. हे बाईंसमोर पहिल्यांदा बोललो आणि एवढा रडलो, की पुढच्या माणसाची वेळ खाल्ली.

जादू काही झाली नाही. काही महिने गोळ्याही घेतल्या. धडधड आली की पळायचं नाही, श्वास सावकाश सोडत बसून राहायचं, ती आपली आपण उतरते, एवढं शिकायला वर्ष गेलं. अजून येते. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना ठाऊक असेल, बरं वाटायला लागलं की राग येतो. हेच सगळं बेळगावात ऑटोने पंधरा मिनिटांवर होतं.

गेल्या वर्षी आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तीन महिने झाले तरी सासरी जायला उठेना. झोप नाही, जेवण नाही, बाळ रडलं तरी भिंतीकडे तोंड. मी रजा काढून गेलो. मला म्हणाली, "ह्याला दुसरी कुणी आई मिळाया पायजे हुती रं." आप्पांना म्हटलं, हा आजार आहे, याला औषध आहे, उद्याच दवाखान्यात नेऊ. "सासरी कळलं तर नांदवायचे न्हाईत तिला," आप्पा म्हणाले. दोन दिवस भांडलो. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. "पुण्याला ने. लोकांस्नी काय सांगायचं ते मी बघतो."

बघितलं त्यांनी. गल्लीत आणि निपाणीत सांगितलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्याला आई न्हाय, म्हणून बहीण गेलीया बघायला. पाच वर्षं पोटात ठेवलेलं एका दुपारीत वाटून टाकलं. आता भाऊ वेडा निघाला तरी चालत होतं, आक्काचं लग्न होऊन गेलं होतं. सासरच्यांनी तिच्या मायेचं कौतुक केलं. मला जुन्या मित्राचा फोन आला, "लई वाईट वाटलं रं." मी काही खोडून काढलं नाही. खोडलं असतं तर आक्काचं औषध थांबलं असतं.

पुण्यात माझ्याकडे ती आता जेवते, झोपते, पोराशी बोलते. नवऱ्याला तिने स्वतःच सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "आधी का न्हाय सांगितलं?" हे लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "लिही, माझंबी लिही."

आप्पा दर रविवारी मला फोन करतात आणि विचारतात, "आक्का कशी हाय?" परवा आक्काने माझ्या हातातून फोन घेतला. "आप्पा, त्याचंबी इचारा की. आजारी म्हणून गावभर त्याचंच नाव केलंय न्हवं तुम्ही." तिकडून आप्पांनी फोन ठेवला.

वडगावातलं घर आप्पांचं आहे. माझ्या बाजूने बोलणारं माणूस ज्या दोन भाड्याच्या खोल्यांत आहे, त्यांना मी आता घर म्हणतो. पुढच्या महिन्यात आक्काचा नवरा तिला न्यायला येतोय.