थोराडांचं पान

हेर्लेकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते गुडघ्यांवर चालताना. माझं अक्षर वळणदार म्हणून आमच्या गणिताच्या मास्तरांनी मला त्यांच्या शुक्रवार पेठेतल्या घरी पाठवलं होतं. दार उघडंच होतं. आत भिंतींना जमिनीपासून दीड हातावर सुतळी बांधलेली, आणि शाळेतले चित्रकलेचे एक प्रतिष्ठित शिक्षक तिच्याखालून वही घेऊन सरकत होते. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "या पावणं, भिऊ नका. आज ते बुटके हाईत."

सरांचे मेहुणे बोटीवर नोकरीला होते. त्यांनी परदेशातून एका खेळाची पुस्तिका आणली होती. टेबलाभोवती बसायचं, एकानं कल्पनेतल्या मुलखाची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली एकेक व्यक्ती व्हायचं आणि पुढे काय होतं ते फाशांवर ठरवायचं. सरांना खेळ आवडला, त्यातली माणसं आवडली नाहीत. त्यांनी स्वतःचा 'मुलूख' रचला, सुताराकडून बाभळीचे आठ बाजूंचे फासे करून घेतले आणि दर रविवारी दुपारी आम्हा सहाजणांना जमवायला सुरुवात केली. काकू जयसिंगपूरच्या भडंगाची परात मध्ये ठेवत. सर सांगत आणि मी त्यांचा लेखनिक म्हणून सगळं सुवाच्य उतरवून घेई.

मुलखात बुटके होते, धिप्पाड होते. पण सर त्यांना केवळ उंचीवरून कधी घडवत नसत. "उंची म्हंजे स्वभाव नव्हं रे सदा, ती अडचण हाय," ते म्हणत. "त्या अडचणीतनं ती माणसं काय रीत काढत्यात, ते लिही." सुतळीखाली दिवसभर फिरून त्यांनी शोधलं, की दीड हात उंचीच्या माणसाला टेबलाची फक्त खालची बाजू दिसते. म्हणून त्यांचे बुटके नक्षी नेहमी वस्तूच्या खालून काढत आणि पाहुणा आला की ताट उलटं करून दाखवत. एवढ्या बारकाईनं विचार करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

धिप्पाड लोकांसाठी सरांनी महिपतराव खोतांना विचारलं. महिपतराव पेठ वडगावचे, आमच्याच वयाचे. कोल्हापुरात तालमीला राहत आणि रविवारी आमच्यात खेळायला येत. सरांच्या दाराला ते नेहमी वाकून आत येत. सरांवर त्यांचा जीव होता, म्हणून त्यांनी घरातलंही सांगितलं. लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी घेतली की लोक हसतात. पाहुण्यांच्या घरी खुर्ची मोडेल म्हणून ते आपण होऊन जमिनीवर बसतात. थोरल्या भावाचं पोर त्यांच्या आवाजानं एकदा दचकून रडलं, तेव्हापासून ते सावकाश बोलतात, आणि उत्तर देण्याआधी प्रश्न एकदा स्वतःशी म्हणून घेतात. हे सगळं मी माझ्याच हातानं लिहून घेतलं.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात सर मुलांना घेऊन चित्रं काढायला पन्हाळ्याला गेले. जाताना म्हणाले, "या रविवारी धिप्पाडांचं पान तू लिही. खेळही तूच चालव." मी अंगानं काटकुळा, जिभेनं तिखट. मंडळी सरांचं जसं ऐकतात तसं माझंही ऐकावं, एवढीच मला हाव सुटली होती. मी 'भोंडू' नावाची जमात लिहिली. ती पंगतीत जिलबीवर तुटून पडायची, बसेल ते मोडायची आणि तिला काहीही विचारलं की आधी तोच प्रश्न परत म्हणायची. आणि सगळ्यांनी मान द्यावा म्हणून वाचण्याआधी मी म्हणालो, "सरांनी लिहून दिलंय, वाचतो."

हशा पिकला. पहिल्या दोन ओळींना महिपतरावही हसले. प्रश्न परत म्हणायच्या जागी मी त्यांचाच सूर काढला, तेव्हा त्यांनी हातातला फासा अलगद परातीशेजारी ठेवला. "येतो," म्हणाले आणि निघाले. त्या दिवशी वाकायचं विसरले. चौकटीवर कपाळ आपटलं आणि आम्ही त्यालाही हसलो. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

पुढच्या रविवारी त्यांची जागा रिकामी राहिली. सरांनी पान मागून वाचलं, मंडळींकडून काय झालं ते ऐकलं आणि महिपतराव तालमीतून गावी गेल्याचं कळल्यावर मला सोबत घेऊन एसटीनं वडगाव गाठलं. आता सर माझं नाव घेणार, असं मला वाटत होतं. महिपतरावांनी आम्हाला दूध दिलं. सर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "महिपतराव, चूक माझ्या वहीतली हाय. मला माफ करा."

 महिपतराव म्हणाले, "सर, तुमी म्हनून घरातलं बोललो हुतो की." सरांनी मान खाली घातली. आणि मी हातातल्या पेल्याकडे बघत बसलो. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही माझ्याकडून झालं नाही. याची लाज मला त्या दिवशी वाटली आणि आज लिहितानाही वाटते आहे.

 परत कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्यावर सर इतकंच म्हणाले, "पान फाडू नकोस. नीट लिही." मी लिहायचो, ते परत द्यायचे. चार महिन्यांनी 'थोराड' तयार झाले. थोराड सावकाश बोलतात, कारण त्यांच्या डोंगरात मोठा शब्द काढला की दरड कोसळते. ते प्रश्न आधी परत म्हणतात, म्हणजे विचारणाऱ्याला तो मागे घ्यायला सवड मिळते. ही शेवटची ओळ सरांची आहे. महिपतरावांना आम्ही ते पान पाठवलं आणि पुढच्या रविवारी ते दाराला वाकून आत आले.

आले, पण सरांशी घरातलं पुन्हा कधी बोलले नाहीत. दहा वर्षं 'नमस्कार सर' आणि 'बरं हाय सर', एवढंच. सरांना ते लागत होतं. महिपतराव निघून गेले की ते थोडा वेळ दाराकडे बघत, हे मी दर रविवारी पाहिलं. तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मीही ते सांगितलं नाही.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी त्यांच्या मनाच्या मोठेपणाचा प्रसंग मागितला. माझ्याजवळ हा आहे. महिपतराव, तुम्ही सत्कार समितीत आहात, तेव्हा छापण्याआधी हे तुमच्याच हाती येईल. ते भोंडूंचं पान माझं होतं. सरांनी त्यातलं अक्षरही लिहिलं नव्हतं. तुमची माफी मी मागायला हवी होती आणि ती आज, दहा वर्षं उशिरा, मागतो आहे. द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण सरांना त्यातून मोकळं करा.

सर साठ वर्षांचे झाले. त्यांचे गुडघे सुतळीखालून फिरण्याइतके शाबूत राहोत, नजर अशीच बारीक राहो. त्यांना भरपूर आयुष्य मिळो, आणि त्यातल्या एखाद्या रविवारी महिपतरावांनी त्यांच्या शेजारी बसून घरातलं काहीतरी सांगावं. मी तेव्हा लिहून घेणार नाही.