ओट्याशी उभ्याने

आज दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर माझी बायको सुधा ओट्याशी उभी राहून, दाराकडे पाठ करून घाईघाईने जेवत होती. ताटलीत भाकरी आणि वांग्याचं भरीत. मला पाहताच तिने ताटलीवर झाकण ठेवलं, चोरी पकडल्यासारखं.

तीन वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नात जेवणातून आम्हा बऱ्याच जणांना विषबाधा झाली. बाकीचे आठवड्यात बरे झाले. माझं पोट बिघडलं ते बिघडलंच. कधी कळ येईल आणि धावावं लागेल, याचा नेम नाही. "रिपोर्ट तर चांगले आहेत," म्हणत डॉक्टर नवी गोळी लिहून देतात. मऊ भात आणि मुगाचं पाणी यांवर मी दिवस काढतो. प्रवास सुटला, कुणाकडे जाणं सुटलं. हे सगळं मी एकटाच भोगतो आहे, असं धरून चाललो होतो. या घरातला फोडणीचा वास कधी नाहीसा झाला, ते माझ्या लक्षातही आलं नाही. दुखणाईत माणसाला स्वतःच्या पोटापलीकडे काही दिसत नाही.

"बाहेर टेबलाशी बस ना," मी म्हणालो.

"तुमच्यासमोर घास उतरत नाही हो. तुम्हाला बरं वाटलं, की बसू दोघं."

"आणि नाहीच वाटलं तर?"

हे आजवर मी मोठ्याने विचारलं नव्हतं. सुधाने नळ सोडला आणि हात धुतले. झाकणाखाली अर्धी भाकरी तशीच राहिली होती. तुझी भूक अजून आहे का, एवढंही मला तिला विचारवेना.